वर बांधलेली गाठ

ओणम सणाच्या खरेदीच्या गर्दीत फिलोमिनाच्या पायाची शीर फुटली, तेव्हा सगळ्यांत आधी धावली ती ओमना. धावणारच! सोळा वर्षं दोघी एकाच काउंटरमागे उभ्या. उभ्या म्हणजे उभ्याच. त्रिशूरच्या त्या साड्यांच्या दुकानात विक्रेत्या बायकांनी दिवसभर बसायचं नाही, भिंतीला टेकायचंसुद्धा नाही. ओमनाने एकदा स्टूल मागितलं, तर मॅनेजर उण्णित्तान म्हणाला, "गिऱ्हाईक उभं आणि तुम्ही बसणार? मग चहाही आणून देतो की राणीसाहेबांना!"

फिलोमिनाच्या घोट्यावर गांडुळांचं वेटोळं पडावं तशा निळ्या शिरा फुगल्या होत्या. त्या दिवशी खोक्याची पत्र्याची पट्टी तिथे घासली, एवढंच. दुखलंही नाही. फरशीवरचा लाल ओघळ पाहून तीच म्हणाली, "अगं बाई, हे कुणाचं सांडलं?"

ओमनाचा बाप रबराच्या मळ्यात कामाला होता. मळ्यात कुणाला साप चावला की दंशाच्या वर करकचून बांधायचं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिने काउंटरवरचं कोरं मुंडू, कमरेला गुंडाळायचं पांढरं वस्त्र, ओढलं, फिलोमिनाच्या गुडघ्याखाली आवळलं आणि उण्णित्तानवर खेकसली, "खुर्ची सोडा तुमची! इथे माणूस मरतंय!"

त्याने मुकाट्याने सोडली. फिलोमिना त्या गादीच्या खुर्चीत बसली, पाय खाली सोडून. "काय थाट गं माझा!" म्हणून हसलीसुद्धा. ओमनाला त्या घाईतही बरं वाटलं. सोळा वर्षांत एकदा तरी बसवलं हिला!

रक्त थांबेना. ओमनाने गाठ आणखी आवळली. तसं ते जास्तच वाहायला लागलं. फिलोमिनाचे ओठ पांढरे पडले, मान कलंडली.

तेवढ्यात गिऱ्हाइकांतली एक म्हातारी कोपरं मारत पुढे घुसली. सरकारी इस्पितळात जन्म काढलेली नर्स होती ती. "आडवी करा हिला! खाली, फरशीवर! पाय वर! आणि हे कुणी बांधलंय? सोडा आधी!" तिने स्वतःच गाठ सोडली, तो पाय ओमनाच्या खांद्यावर चढवला आणि अंगठ्याने जखम दाबून धरली. रक्त थांबलं. एवढ्याशा अंगठ्याने थांबलं!

"शिरेतलं रक्त खालून वर चढतं, बाई, काळजाकडे," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "माणूस चालतं तेव्हा पोटऱ्या त्याला वर ढकलतात. हिचं उभं राहून राहून आधीच तुंबलेलं. त्यात तुम्ही वरची वाट बांधलीत आणि पाय खाली सोडलात. मग ते जाणार कुठे?"

पण तोवर फार रक्त गेलं होतं. फिलोमिना इस्पितळात पोचलीच नाही. वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी फिलोमिनाच्या घरात मेणबत्त्या लावलेल्या, शेजारणी प्रार्थना पुटपुटत बसलेल्या. फिलोमिनाची मुलगी जिन्सी धावत आली आणि ओमनाचे दोन्ही हात तिने घट्ट धरले. "ह्याच त्या ओमना चेची, अम्माच्या दुकानातल्या ताई," ती सगळ्यांना सांगत सुटली. "ह्यांनीच बांधलं. अम्मासाठी मॅनेजरला खुर्चीवरून उठवलं ह्यांनी!"

उण्णित्तानने हेच गावभर केलं होतं. करणारच, त्याच्या सोयीचं होतं ते; बायकांना दिवसभर उभं ठेवल्याचं मग कुणी बोलणार नव्हतं. ओमनाने गप्प बसायचं, की सुटली! कोण विचारायला येणार होतं? पण मेलेल्या बाईच्या पोरीकडून आभार घ्यायचे? तिला ते गिळवेना.

"नाही मोळे, नाही पोरी," ती म्हणाली. "मी चुकीचं बांधलं. आडवी करायची होती, मी बसवली. नुसतं दाबून धरलं असतं तर वाचली असती गं तुझी अम्मा."

प्रार्थना थांबली. जिन्सीने हात सोडले.

"तुम्हाला कुणी कधी शिकवलं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

जिन्सी चार वर्षांपासून सोन्याच्या दुकानात उभी राहत होती. तिने भिंतीला पाठ टेकली, सलवारचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. पोटरीवर निळी शीर टरारून आली होती.

"कुठे दाबायचं," ती म्हणाली, "ते मला नीट दाखवा."