वैजूच्या मापाचा सूट

पाण्यात उतरली की वैजू आपल्या बुडी मारायच्या सुटाएवढी वाढायची. सुटात जिथं म्हणून जागा उरली असेल तिथं तिचं अंग जाऊन भरायचं. बाही लांब असली तर हात लांबायचे, पाठीत पोकळी असली तर पाठ रुंदावायची, आणि वर येईपर्यंत सूट असा चापूनचोपून बसलेला असायचा की जणू अंगावरच शिवलाय. वाढलेलं अंग पुन्हा कमी मात्र व्हायचं नाही. अख्ख्या देवबागला हे ठाऊक होतं, आणि देवबागला एकदा ठाऊक झालेल्या गोष्टीचं नवल दुपारच्या जेवणापर्यंत काही टिकत नाही.

चूक झाली ती तिच्या नवऱ्याच्या, उल्हासच्या आईकडून. पर्यटकांना खडपात, समुद्रातल्या खडकांत, नेऊन मासे दाखवायचं काम वैजूला मिळालं, तेव्हा सुनेचा पहिला सूट घ्यायला आये मोठ्या हौसेनं बरोबर गेली. वैजू मुळातच उंच. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांना टाचा उचलाव्या लागल्या होत्या. दुकानदार बस्त्यावमामानं तिच्या बेताचा सूट काढून दिला. आयेनं तो चिमटीत धरून ओढून पाहिला आणि बाजूला सारला.

"ह्येच्यापेक्षा मोठो घी," ती म्हणाली. "वाढता अंग आसा."

वैजूनं तेव्हा तिशी ओलांडली होती. पण सासरी, कुबलांच्या घरात, कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचाच. उल्हासची शाळेतली खाकी चड्डी चौथीपर्यंत पोटरीला लागायची, बुटात कापूस कोंबून तो झेंडावंदनाला जायचा, आणि त्यात कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. मग सासूपुढे बोलणार कोण? वैजूनं मोठा सूट घेतला. पहिल्याच बुडीनंतर तो तिला नेटका बसला. पुढं खाऱ्या पाण्यानं विरून काखेत उसवला, म्हणून दुसरा आणला; तोही वाढता, आणि त्यापुढचेही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि आये तर चांगली ठणठणीत होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात ते लोक वैजूला भेटले नव्हते. आता ती निजायची तेव्हा डोकं मागच्या पडवीत आणि पाय पुढच्या ओटीवर यायचे, आणि उल्हास तिच्या कोपराशी चटई टाकायचा. स्वयंपाकघरावरची कौलं काढून ठेवली होती. सकाळी ती अंगणात उभी राहून वरून हात घाली आणि आये तिच्या तळव्यावर गरम आंबोळ्या ठेवी.

बायको मोठी झाली याचं उल्हासला वाईट वाटत नव्हतं, हे त्या गड्याचं मोठेपण. त्याला भीती होती ती वेगळीच. बस्त्यावमामानं स्पष्ट सांगितलं होतं, "आता आणखी वाढली तर जमीन हिका पेलूची नाय रे. मगे पाणीच पेलतला." म्हणजे घर नाही, अंगण नाही, कोपराशी टाकलेली चटई नाही.

"सोडून दे गो ता काम," त्यानं एकदा म्हणून पाहिलं.

तिनं सोडलंही. मग ती अंगणात समुद्राकडं तोंड करून बसली, आणि तिच्या पुढ्यातल्या आंबोळ्या कावळ्यांनी नेल्या. शेवटी तीच बोलली. "शेवटच्या खडपाच्या पलीकडे तळ खाली जाता. थंय काय तरी आसा. मी वाढलंय की थोडा पुढचा दिसता."

"काय आसा?"

"मोठा आसा."

"अगो, पण काय?"

"सगळाच," वैजू म्हणाली आणि तिच्या अंगावर काटा आला. तो काटा उल्हासला बसल्या जागेवरून दिसला.

तेव्हा ठरलं की सूट घ्यायचा, पण तंतोतंत मापाचा. कुठं तसूभर जागा उरता कामा नये. म्हणजे बुडीही मारता येईल आणि घरीही येता येईल. आयेला घरी ठेवून दोघं बस्त्यावमामाकडं गेली.

मामाचं दुकान बाहेरून चहाच्या टपरीएवढं होतं. आत मात्र गिऱ्हाईक जेवढं उंच तेवढं ते लांब व्हायचं. वैजू वाकून आत शिरली आणि मागची भिंत मुकाट्यानं मागं सरकायला लागली. पुढं मामा, मागं ही दोघं. अंगठ्याएवढे बारके सूट संपले, माणसांचे संपले, मग त्याहून उंचांचे लागले. त्यांचे पाय जमिनीला टेकत होते. छप्पर वर जात होतं. पायाखालची फरशी संपून वाळू आली, वाळू ओली झाली, आणि मग घोट्यापर्यंत पाणी आलं. पाणी अंगाइतकंच गरम होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात पेडवे मासे हिंडत होते.

"गरम पाण्याक जाड कपडो नको," मामा काठीनं सूट खाली काढत म्हणाला. "पातळच व्हयो. पण बसाक व्हयो नीट. पाणी कितीय गरम असूंदे, आत खेळाक लागला की अंगातली ऊब घेवन जाता."

पहिला सूट धडात आखूड निघाला. वैजूचे खांदे खाली ओढले गेले आणि हात वर जाईनात. "उंच माणसाचा ह्याच होता," मामा करवादला. "तंगडी बघून कपडो घेतत, धड कोण बघता?" दुसरा लांबीला बरोबर होता, पण कमरेच्या वर, पाठीच्या पन्हाळीत, तो अंगापासून सुटत होता. मामानं तिथं तळहात सरकवून दाखवला. "हय पाणी शिरतला. आणि पाणी शिरला की ही शिरतली."

तिसरा बसला. गळ्याशी श्वास कोंडला नाही, काखेत सुरकुती नाही, मनगटावर आणि घोट्यावर कातडीला कातडी लागावी तसा. वैजूनं हात वर केले, वाकली, उकिडवी बसली. कुठं ओढलं नाही, कुठं फुगलं नाही. मामानं छातीवर क्रूसाची खूण केली. उल्हासला एकदम घराची कौलं आठवली. आता उरलेली तरी काढावी लागणार नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते बिनदिक्कत येऊ दिलं.

वैजू मात्र दुकानाच्या आणखी आतल्या भागाकडं बघत होती. तिकडं ट्यूबलाइट नव्हत्या. तिकडं दुकान आणि समुद्र वेगळे राहिले नव्हते. पाण्याला हिरवा उजेड होता आणि त्या उजेडात वरून सूट लोंबत होते, एकामागं एक, पार दिसेनासे होईपर्यंत.

"त्येच्या बाजूचो बघूया?" ती म्हणाली. "एकच."

बाजूचा तिनं स्वतःच काढला आणि घातला.

"ह्यो बसता," ती म्हणाली.

मामाच्या चष्म्यावर वाफ धरली होती. "माका काय दिसना. घोवान बघूचा," त्यानं उल्हासला सांगितलं. "चिमटीत येता काय बघ रे."

उल्हासनं गुडघाभर पाण्यात वाकून तिच्या पोटरीपाशी सूट चिमटीत धरला. चिमटीत घडी आली. चांगली जाड, मऊ घडी, त्याच्या चड्डीला शाळकरी वयात यायची तशी. त्यानं वर पाहिलं. खूप वर वैजूचं तोंड होतं आणि ते त्याच्याकडं वळलेलं नव्हतं. ती त्या हिरव्या उजेडात बघत होती. तिला असं हसताना त्यानं वर्षभरात पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर कधीच पाहिलं नव्हतं. तो घडी धरून बराच वेळ तसाच राहिला. मग त्यानं बोटं सोडली.

"बसता," तो म्हणाला.

किनाऱ्यावर आये नारळ घेऊन उभी होती. गाऱ्हाणं घालायचा मान खरं तर मानकऱ्याचा, पण आयेपुढं मानकरीही दोन पावलं मागं सरले.

"बा दर्याच्या म्हाराजा," आयेनं सुरू केलं, "आज ही माझी सून तुझ्याकडे येता हा. हिका मापाचो कपडो गावलो हा. तो तसोच रवांदे, आणि गेली तशी हिका घराक आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" किनाऱ्यावरची माणसं म्हणाली. समुद्रातूनही कुणीतरी म्हणालं, जरा उशिरा, खालच्या आवाजात. आयेनं समाधानानं नारळ सोडला. उल्हास मान खाली घालून होडी ढकलायला गेला. म्हातारीला खोटं सांगितल्याची बोच त्याला पहिल्या लाटेपर्यंत लागत होती.

वैजू होडीत मावत नव्हती. ती होडीच्या बाजूनं चालत आली. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला. शेवटच्या खडपापाशी तिनं तोंडात नळी धरली, उल्हासकडं बघून भुवया उडवल्या, नवी नवरी असताना उडवायची तशा, आणि खाली गेली.

बुडबुडे आले आणि थांबले. समुद्र तेलासारखा सपाट झाला. उल्हास इंजिन चालू ठेवून बसून राहिला. ती वर येईल, थोडीशीच वाढलेली असेल, बस्त्याव उगाच घाबरवतो, असं तो स्वतःशी म्हणत होता. मग भर उन्हात होडीवर सावली आली.

आधी केस आले. त्यांतून पाणी ओघळत होतं आणि ओघळायचं थांबत नव्हतं. मग कपाळ आलं, खांदे आले, आणि ते येतच राहिले; अंगाबरोबर सूटही वाढत होता. होडी मागं मागं ढकलली जात होती. वैजू उभी राहिली तेव्हा त्या पाण्याचा, जिथं नांगराचा दोर पुरत नाही असं म्हणतात त्या पाण्याचा, तळ तिच्या पायाखाली होता आणि पाणी तिच्या कमरेला होतं. तिच्या कानाशी समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. काळा सूट, पाण्यावर दिसत होता तेवढा, अंगाला असा लागला होता की एक सुरकुती नव्हती. उल्हासच्या मनातली भीती कुठं गेली ते त्याला कळलं नाही. तो हात जोडून उभा होता, आणि आपण हात कधी जोडले हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"अवो," वैजू म्हणाली. आवाज तोच, चुलीपुढून हाक मारायची तो.

"दिसता काय गो?"

"दिसता."

"काय आसा?"

ती पश्चिमेकडं बघत होती. "सांगूक येवचा नाय," ती म्हणाली. "बघूकच व्हया." मग खाली बघून, "पोटऱ्यांकडे अजून जागा आसा वो."

उल्हासनं मागं वळून पाहिलं. देवबाग वाळूची एक बारीक रेघ झालं होतं, आणि त्या रेघेवर आये कपाळावर आडवा हात धरून उभी असणार. ती दिसत नव्हती. तो पुन्हा पुढं वळला तेव्हा वैजूचा हात खाली आला होता. तळवा होडीच्या काठाला अलगद टेकला, उताणा, ओला, गरम, आणि त्यावरच्या रेषांतून खाड्यांसारखं पाणी वाहत होतं.

उल्हासनं इंजिन बंद केलं आणि चपला काढल्या.