कोल्सोंच्या घरातली पाटी

पहार ओतीव लोखंडाच्या पाटीखाली सरकवून अँसेल्म दिदलोने कानोसा घेतला. चर्चची घंटा झाली नव्हती, म्हणजे त्याची बायको लेओनी अजून प्रार्थनेला बसलेली होती. हातात फार तर अर्धा तास होता. ऐंशी किलोचं बीड आणि एकसष्ट वर्षांची पाठ. ओतशाळेत असं धूड चौघे मिळून फिरवायचे, एकट्याने कुणी हात लावला तर मुकादम शिव्या घालायचा.

"एक कोपरा. मग दुसरा," तो स्वतःला बजावत होता. पाटी ओकच्या जाड ओंडक्यावर उभी होती. ती इंच इंच सरकत, करकरत फिरली. निसटली असती तर पाऊल चिरडलं असतं, पण त्याला पावलाची भीती नव्हती. दुपारी दोन वाजता फिलोमेन कोल्सों येणार होती, तिची भीती होती.

गोठ्याची बैठकीची खोली करून त्याने तिथे तेवीस पाट्या लावल्या होत्या. चुलीमागे भिंत तापून फुटू नये म्हणून जुन्या लोकांनी बसवलेल्या या ओतीव पाट्या. कुणावर सरदारांची ढाल, कुणावर देवदूत. त्याने त्या डुकरांच्या खुराड्यातून, विहिरींच्या झाकणांवरून, भंगारातून सोडवून आणल्या, घासल्या, काळ्या भुकटीने चमकवल्या. मेत्सच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला होता. 'वारसा राखणारा माणूस' असं खाली छापलं होतं. तो फोटो दूर दक्षिणेत फिलोमेनने पाहिला आणि भेटायला येते म्हणून कळवलं. ते पत्र आल्यापासून अँसेल्म ही पाटी कुठे लपवावी याच विचारात होता.

कारण ही एक पाटी सोडवून आणलेली नव्हती. चाळीस साली हा सीमेवरचा मुलूख बळकावून जर्मनांनी फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांना तासाभरात गावाबाहेर काढलं, त्यात लहानग्या फिलोमेनसकट शेजारचे कोल्सों दक्षिणेत गेले. दिदलोंना ठेवलं, कारण ओतशाळेला माणसं हवी होती. लढाई संपता संपता कोल्सोंचं छप्पर तोफेने उडालं आणि अँसेल्मने त्यांच्या भिंतीतली पाटी काढून आणली. सांभाळून ठेवू, आले की देऊ, हा तेव्हाचा विचार अगदी खरा होता. पण पुढच्या वर्षी म्हाताऱ्या कोल्सोंचं पत्र आलं, घरातलं काही उरलंय का म्हणून. पाटी तेव्हा गोठ्यात गवताखाली होती आणि साचे भरणाऱ्या अँसेल्मला ठाऊक होतं, असं ओतकाम पुन्हा होणे नाही. काही उरलं नाही, असं त्याने लिहून टाकलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं पोस्टमन दाराशी थांबला की तो आधी पाकिटावरचा शिक्का बघे. लेओनीला त्याने पाटी भंगारातून घेतली म्हणून सांगितलं होतं.

लेओनी आली ती टोपी काढता काढताच थबकली.

"हे काय रे? बाईसाहेब रुसल्यात की काय, भिंतीकडे तोंड करून?"

"गंमत म्हणून फिरवली. राज्यक्रांतीत राजाचं मुंडकं उडवलं तेव्हा फर्मान निघालं होतं ना, राजाची लिलीची फुलं असलेल्या पाट्या उलट्या करा म्हणून. पाहुण्यांना दाखवायला बरं."

"आणि कंबर धरली की शेक मी द्यायचा. लोकांच्या भिंतीवर फुलांचे कागद असतात, माझ्या नशिबी लोखंड." ती मिराबेलच्या पिवळ्या आलुबुखारांचा टार्ट भट्टीत घालायला गेली. अँसेल्म पायरीवर बसला.

फिलोमेन बरोबर दोनला आली. पंचेचाळिशीची, ठेंगणी, दक्षिणेच्या हेलात बोलणारी. तिने आल्या आल्या त्याचे दोन्ही हात धरले.

"तुमचे हात किती गार आहेत, अँसेल्म! बाबा गेले गेल्या वर्षी. जाताना म्हणाले, 'अँसेल्मला एकदा भेटून ये. गावातल्या सगळ्यांना लिहिलं होतं मी, उत्तर त्या एकट्याने दिलं.' तुमचं पत्र त्यांनी शेवटपर्यंत प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं."

"कुठलं पत्र?" लेओनीने विचारलं.

"जुनं. ख्यालीखुशालीचं," अँसेल्म म्हणाला आणि घाईघाईने पाहुणीला आत घेऊन गेला. शिवी दिली असती तर सोसली असती, हे आभार सोसवेनात.

तो एकेका पाटीपुढे भराभरा बोलत सुटला. साल, ओतशाळा, ढालीवरचे गरुड. फिलोमेन मान डोलवत होती. शेवटच्या ओंडक्यापाशी ती थांबली.

"ही उलटी का?"

"पुढे राजाची फुलं आहेत. मिळाली तशीच ठेवलीय." तेच वाक्य तो सकाळपासून घोकत होता.

ती वाकली. पाटीच्या खरबरीत पाठीवर, ओतताना बुडबुडा फुटून राहिलेला एक खळगा होता. तिने त्यात बोट घातलं आणि ते तिथेच ठेवलं.

तेव्हा अँसेल्मच्या डोक्यात प्रकाश पडला. या मुलखात पाटी स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीत, आरपार भोकात बसवतात. चित्र चुलीकडे, पाठ खोलीकडे. त्या उबेला मुलं वाढतात, मोजे वाळतात, कणीक फुगते. हे तो जन्मापासून जाणत होता. पण तीस वर्षं चित्रं लोकांसमोर मांडता मांडता पाटीला पाठ असते हेच तो विसरून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हा कान," फिलोमेन हळू म्हणाली. "आम्ही कान म्हणायचो. मी आणि धाकटा. यात गुपितं सांगायचो. जाताना शेवटचं... जर्मन शिपाई दारात उभा होता, आणि मी यात सांगितलं, आम्ही परत येतो म्हणून."

लेओनीच्या हातात टार्टचं ताट होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"पुढे काय आहे, अँसेल्म?" फिलोमेन वळली नव्हती. "खरंच विचारते. मला नीट आठवत नाही. आई आम्हाला विस्तवाजवळ फिरकू द्यायची नाही."

खोटं बोलायला अजूनही वाव होता. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तिचं बोट त्या खळग्यात होतं.

"विहीर आहे," तो म्हणाला. "विहिरीवर एक बाई पाणी भरतेय. घडा कठड्यावर टेकवलाय. समोर येशू बसलाय, पाणी मागतोय. बाईने बाह्या वर सारल्यात. मागे एक झाड."

"फुलं?"

"फुलं नाहीत."

"म्हणजे रांधताना आई रोज हे बघायची तर," फिलोमेन म्हणाली.

अँसेल्म वाट पाहत राहिला. आता ती पत्राचं काढेल, बापाचं काढेल, गावाला ओरडून सांगेल. ती बोटाने खळग्याची कड चाचपत होती. लेओनीने ताट खाली ठेवलं, दारामागची पहार आणली आणि त्याच्या हातात दिली.

"फिरव."

"एकट्याने नाही जमायचं."

"सकाळी जमलं होतं," लेओनी म्हणाली, पण तिने दुसरा कोपरा धरला. फिलोमेनने हातमोजे काढून मधली बाजू धरली. पाटी करकरत फिरली. तिघांनाही धाप लागली होती.

फिलोमेनने गुडघे टेकले. त्या बाईच्या बाह्यांवर, घड्यावर तिने रुमाल फिरवला. पाटी लखलखीत होती, पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. अँसेल्म पहार धरून तिच्या मागे उभा होता. ऐकून घ्यायचं ते ऐकून घ्यायला तो तयार होता.

"जरा सरका," ती म्हणाली. "उजेड येऊ द्या."

तो सरकला.