वाळवणाच्या अंगणात पडलेली तार

साल एकोणीसशे अडुसष्ट. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि सून सासूला अजून एकदाही उलटून बोलली नव्हती. सासूला गल्लीत सगळे फौजदारीण म्हणत, तेही दबक्या आवाजात.

घरची लाँड्री होती. शेजारच्या इस्पितळाच्या चादरी मागच्या अंगणात लोखंडी तारांवर वाळत. ओझ्याने तार वाकली की टोकाला बेचकं असलेला बांबू लावून उचलायची, ही घरातल्या प्रत्येकाच्या हाताची सवय.

त्या दुपारी वारा सुटला आणि खांबावरची विजेची तार तुटून शेवटच्या रांगेवर पडली. ना ठिणगी, ना आवाज. चादरी तेवढ्या मातीत लोळल्या. फौजदारीण बांबू घेऊन निघालीच.

"आई, ती आपली तार नाही! विजेची आहे!"

"असू दे. मेलीय ती. धूर दिसतोय का कुठे?"

सुनेचे वडील वायरमन. पडलेली तार गप्प असली तरी जिवंत समजायची, हे तिने जेवताना, झोपताना ऐकलेलं. शिवाय बांबू ओलाचिंब होता. नवरा आईकडे धावला, तशी तिने त्याचा सदरा मागून धरला. सदरा टराटरा फाटला, पण तो थांबला.

"तुम्ही गेलात तर दोघं जाल!" आणि मग सासूकडे वळून ती ओरडली, "आई, बांबू टाका! आणखी एक पाऊल उचललंत तर याद राखा!"

फौजदारीण थबकली. विजेला नव्हे, सुनेच्या आवाजाला. बांबू हातातून गळला.

"जमिनीतही वीज उतरलेली असेल. आता दोन्ही पावलं जोडून घ्या. उचलायची नाहीत. जमिनीला घासत या. कशालाही हात लावू नका."

"बदकासारखी चालू की काय या वयात?"

"बदकासारखी या, पण या!"

वीस हात अंतराला दहा मिनिटं लागली. सासू शिव्या घालत आली. नवऱ्याने इस्पितळातून वीज कचेरीला फोन केला आणि गल्लीतल्यांना लांब रोखून धरलं. कचेरीच्या वायरमनने येऊन प्रवाह बंद करून तपासणी केली, मगच कोणाला आत सोडलं. म्हणाला, वाळवणाची झाडून सगळी तार जिवंत होती. बांबू टेकला असता तर संपलंच होतं.

सासू चार दिवस सुनेशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "सदरा शिवून टाक त्याचा." तेवढंच.

पुढे इस्पितळाने यंत्रं घेतली, लाँड्री बंद पडली. नवरा त्याच इस्पितळात भांडारात लागला आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गेला. सून आता ऐंशीच्या घरात, लेकीकडे असते. फौजदारीण त्या दुपारनंतर एकोणीस वर्षं जगली. अंथरुणातच गेली, डॉक्टरच्या कोटाला इस्त्री नाही म्हणून कुरकुरत.