मी डावाच होतो

मी लोकरीचा डावा हातमोजा बोलतोय. डावा हे आधीच सांगतो, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

सरांच्या बायकोने मला आणि माझ्या जुळ्या भावाला, उजव्याला, एकाच गुंड्यातून विणलं. तळव्याला जाड वीण, पाठीला नक्षी, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या जागी कधीच चालणार नव्हतो. सरांचे हात थंडीत गारठतात म्हणून तिचा हा खटाटोप. पण सर भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी आम्हांला हातात न घालता वर्गात नेलं.

तिथे दरवर्षी तोच खेळ. डोळे मिटून सर आम्हांला दोन डब्यांत टाकत. एक डबा टेबलावर, दुसरा मैदानापलीकडच्या खोलीत. मग इथला उघडत आणि आत मी निघालो की मला वर धरत. "हा डावा! म्हणजे तिकडचा उजवा. यात जादू कसली? निघतानाच ठरलेलं होतं. जोडीने जन्मलेले कणही असेच. आपण बघतो तेव्हा ते नवं काही ठरवत नाहीत." मुलं टाळ्या वाजवत. कोणी बघो न बघो, वस्तू जी असते ती असतेच, आणि त्याची साक्ष द्यायला मी! माझी बोटं अभिमानाने ताठ व्हायची.

घरी आई (मला विणणारी ती माझी आईच) म्हणायची, "अहो, कधीतरी हात झाका की त्यांनी."

"अगं, ते कामावर आहेत," सर हसायचे.

पुढे सरांची लेक प्रयोगशाळेत नेमके तेच कण मोजायला लागली. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही मोज्याला एकच प्रश्न विचारता, डावा की उजवा. आम्ही कणांना हो-नाहीच्या तीन प्रश्नांपैकी कुठलाही विचारतो, दोन्ही टोकांना आयत्या वेळी निवडून. दोघांना तोच प्रश्न विचारला की उत्तर नेहमी जुळतं."

"मग? ठरवूनच निघालेत ते!"

"तसं असतं तर ठरलेल्या तीन हो-नाही उत्तरांतली दोन तरी सारखी असणारच ना? म्हणजे वेगवेगळे प्रश्न विचारले तरी तिनात एकदा तरी जुळायला हवं. ते चारात एकदाच जुळतं."

सरांनी मीठदाणी फिरवत विचारलं, "मग उरतं काय?"

"उत्तरं आधी नव्हतीच म्हणा. किंवा इथल्या मोजणीचा परिणाम त्याच क्षणी तिकडे होतो म्हणा. नाहीतर आम्ही काय विचारणार हेही आधीच ठरलेलं होतं म्हणा. आणखी वाटा आहेत, पण फुकटची एकही नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला वर्गात उचललं. मी सवयीने बोटं ताठ केली. सर म्हणाले, "इतकी वर्षं या मोज्याने तुम्हांला फसवलं."

मी फसवलं? अहो, डब्यात मी डावाच होतो! कणांची हमी मी कधी दिली होती? चूक यांची आणि खापर माझ्या माथी. ज्यांच्यासाठी आयुष्यभर उभा राहिलो, त्यांनीच भरल्या वर्गात मला खोटं पाडलं.

उजव्याला लेक आठवण म्हणून दूरच्या गावी घेऊन गेली. मी डब्यात, डबा कपाटात. तिकडे तो फाटला, हरवला, तरी मला इथे कळायचं नाही. कपाटाबाहेर सर गारठलेले हात एकमेकांवर चोळतात, तो आवाज मात्र ऐकू येतो.

सर, तुमच्या कणांचं तुम्ही बघा. मला आता साक्ष द्यायची नाही. डबा उघडा आणि डावा हात घाला. मी अजून तुमच्याच मापाचा आहे.