पेनकाची तीन शहरं

"शिकागो सोडूनच दे," पेनका म्हणाली, "तिथे पोरगा राहतोय, ते काय मोजायचं! न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स आणि... डेनव्हर की सॅन फ्रान्सिस्को? सांग ना गं."

मी काय कपाळ सांगणार! मी आमच्या रुसे गावाहून निघून राजधानी सोफियापलीकडे कधी गेले नाही. पण दोन महिने तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना आमचं हेच चाललं होतं. प्लामेनने फोनवर बजावलं होतं, "आई, अमेरिकेतली तीन शहरं निवड आणि पाठ कर. व्हिसाच्या खिडकीवर अडखळायचं नाही." पेनका एकतीस वर्षं रुसे स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसलेली. ती नुसतं पाठ करून थांबणार होय? कुठली गाडी कुठे बदलायची, कुठल्या बाजूला बसलं की नदी दिसते, सगळं तिने शोधून ठेवलं. शेवटी डेनव्हर गाळलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

व्हिसा मिळाला. साहेबाने विचारलं आणि हिने तिन्ही नावं धडाधड सांगितली. त्याच संध्याकाळी माझ्यासमोर तिने स्पीकर चालू करून प्लामेनला फोन लावला.

"आधी न्यू ऑर्लिन्स करू या का रे? पुढे तिकडे फार उकडतं म्हणे."

तो हसला. "आई, अगं ते त्या साहेबाला सांगायला होतं! बाळ सांभाळायला येतेय म्हणाली असतीस, तर दिला असता व्हिसा? आमच्या सासूबाईंचे इथे राहायचे सहा महिने पंचवीस तारखेला संपतात. त्या निघाल्या की तू. मिलाची बाळंतपणाची रजा संपून नोकरी सुरू होतेय."

"एखादं तरी..."

"बाळाला घेऊन कुठे फिरणार तू? घरासमोर बाग आहे, छान आहे."

माझ्या तोंडात शिवी आली होती. आमच्याकडच्या आज्या अशाच पाळीपाळीने तिकडे जातात. मला हे ठाऊक होतं, तरी मी तिच्याबरोबर नकाशावर बोट फिरवत बसले, याची मला अजून लाज वाटते.

"बाळ दुपारी किती वाजता झोपतं?" पेनकाने विचारलं.

फोन ठेवून ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई पिशव्या घेऊन चढत होत्या.

"व्हिसा मिळाला म्हणे! नशीब काढलंस बाई. कुठे कुठे फिरणार?"

मी खाली बघितलं. पेनकाने मान ताठ केली आणि जराही न अडखळता म्हणाली, "न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को."