पेन्सिल कोणत्या हातात

"मॅडम, पेन्सिल खाली पडली होती असं सांगू काय मी?"

पौर्णिमा थायलंडहून बोलत होती, पण आवाज असा दबका, की आसेगावच्या आपल्या घरात मागच्या खोलीत दार लावून बोलतेय असं वाटावं. भागिरथाबाईंनी तुरीची डाळ निवडायला मांडीवर घेतलेलं सूप खाली ठेवलं.

"कोनं सांगतलं तुले असं सांगाले?"

"नरेंद्र सरनं. आताच फोन आला होता. म्हने कॅमेऱ्यात तुही पाठ दिसते, हात नाई दिसत. पेन्सिल खाली पडली, मी उचलून लेकराच्या हातात देल्ली, इतकंच बोलजो म्हने. बाकीचं मी पाहून घेतो."

"मीटिंग कधी हाय?"

"शाळा सुटल्यावर. तुमच्याकडे अडीच वाजतीन."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा होत होते. बाहेर ओसरीवर माणिकराव पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली घेतला. बायकोच्या आवाजावरून त्यांना कळत असे, की आजचा फोन पोळ्यांचा आहे की रडण्याचा. आजचा तिसऱ्याच जातीचा होता.

भागिरथाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा आता नातवंडं सांभाळतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण नागपूरच्या एका संस्थेनं त्यांना गाठलं. ही संस्था बी.एड. झालेल्या मुलामुलींना सहा महिन्यांसाठी इंग्रजीचे शिकाऊ शिक्षक म्हणून परदेशी शाळांत पाठवायची. तिकडचं काम नीट झालं की प्रमाणपत्र मिळे, आणि प्रमाणपत्रावर पगाराची नोकरी. वाशीमकडच्या मुलांसाठी संस्थेला एक समन्वयक हवी होती. जाण्याआधी तयारी करून घ्यायची, गेल्यावर फोनवर धीर द्यायचा. कुणाला माशांचा वास सहन होत नसे, कुणाला वर्गात पहिलं वाक्य बोलताना घाम फुटे. कारंज्याच्या धम्मरत्ननं तर तीन दिवस फक्त केळी खाऊन काढले होते आणि चौथ्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "मॅडम, भाकर हातावर थापतेत का पोळपाटावर?"

पौर्णिमाचा तसा काही त्रास नव्हता. तिचा पहिला फोन आला, तेव्हा ती इतकंच म्हणाली होती, "मॅडम, इथं गल्लोगल्ली विहार हायेत. मले परकं वाटतच नाई."

आणि परवा हे झालं.

वर्गात फा नावाची सहा वर्षांची मुलगी होती. ती डाव्या हातानं लिहीत होती. पौर्णिमा बाकांमधून फिरत आली, फाच्या मागे वाकली, डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली, आणि तो हात धरून दोन अक्षरं गिरवून घेतली. मारलं नाही, रागावली नाही. आसेगावात लेकराचं नाक पुसावं, तितक्या सहज हे होतं. डाव्या हातानं कुणी पान पुढे करत नाही, कुणाला काही देत नाही. डाव्या हातात पेन्सिल दिसली की मावशी, शेजारीण, दूध घालायला आलेला गडीसुद्धा ती काढून उजव्या हातात देतो आणि पुढे जातो. त्यात शिकवण्याचा भाग आहे, हेही कुणाच्या डोक्यात नसतं.

फा रडायला लागली. तिची आई कामाच्या ठिकाणी बसून मोबाईलवर वर्ग बघत होती. त्या शाळेत पालकांना तशी सोय होती. तिनं लेकीला रडताना पाहिलं, मागे वाकलेली परदेशी बाई पाहिली. घरी आल्यावर फानं सांगितलं, की बाईंनी माझा हात बदलला. दुसऱ्या दिवशी शाळेनं पौर्णिमाचं वर्गात जाणं बंद केलं.

"मॅडम, हाय ना तुमी?"

"हाव, हाय. मले सांग, थे पोरगी काय करून राह्यली आता?"

"कोन, फा?"

"दुसरी कोन?"

इतक्या फोनांत पौर्णिमाला हे कुणी विचारलं नव्हतं.

"काल खिडकीतून पाह्यलं मी. लिवत नाई ती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मोठ्या मॅडमनं पेन्सिल पुढे केली, तरी नाई घेतली."

डाळीतला एक खडा भागिरथाबाईंच्या बोटांत तसाच राहिला होता.

"मॅडम, मी काय सांगू? तुमी सांगसान तसं सांगतो."

"माह्या सांगन्यावर नोको जाऊ. तिथं तू बसशीन, मी नाई. पन बोलाच्या आधी त्या पोरीचे हात आठवजो. पानी पी थोडं. जेवली काय?"

"नाई."

"दोन घास खाय आधी."

फोन ठेवला, तोच नरेंद्रचा आला. तिशीचा मुलगा, संस्था त्याच्या वडिलांची, बोलणं गोड.

"मॅडम, पौर्णिमाशी बोलणं झालं ना? लाइन पक्की आहे. पेन्सिल पडली, तिनं दिली. लहान मूल आहे, घाबरलं असेल, विषय संपला."

"पन तसं झालं नाई ना, सर."

"मॅडम, समजून घ्या. ती शाळा पुढच्या बॅचला सहा जणांना घेणार आहे. सहाही तुमच्याकडचे. रिसोडची ती निता, तिच्या घरच्यांनी पासपोर्ट काढून ठेवलाय. एका पेन्सिलीपायी सहा पोरांचं नुकसान करायचं का? आणि पौर्णिमाला परत पाठवलं तर तिच्या हातात काय पडणार?"

हे खोटं नव्हतं. निताची आई मागच्याच आठवड्यात पेढे देऊन गेली होती.

"तुम्ही फक्त मीटिंगमध्ये गप्प राहा," नरेंद्र म्हणाला. "तुम्हाला काही बोलायचं नाही. बोलायचं तिला आहे."

माणिकराव दारात येऊन उभे होते. फोन संपल्यावर म्हणाले, "गप रायनं तुले जमते काय?"

"बत्तीस वर्षं लेकरायले गप बसवलं. मले बी जमन."

"पाहू," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

अडीच वाजता लॅपटॉपच्या पडद्यावर चौकटी उघडल्या. एकीत शाळेच्या मुख्याध्यापिका, पांढरा शर्ट, केस आवळून बांधलेले. त्यांच्या शेजारी फाची आई, कारखान्याच्या निळ्या कपड्यातच आलेली. दुसऱ्या चौकटीत नरेंद्र, मागे संस्थेचा रंगीत फलक. तिसरीत एकटी पौर्णिमा. कुणीतरी दुभाष्या होता, त्याचा फक्त आवाज येत होता.

मुख्याध्यापिका हळू, स्पष्ट इंग्रजीत बोलल्या. आम्ही चित्रण पाहिलं आहे. त्यात हात दिसत नाहीत. मूल म्हणतं, शिक्षिकेनं हात बदलला. नागपूरच्या कार्यालयानं कळवलं आहे, की पेन्सिल खाली पडली होती. शिक्षिकेनं स्वतः सांगावं.

पौर्णिमा बाकावर पुढे सरकली. नरेंद्रनं घसा साफ केला आणि हसून म्हणाला, की मुलगी घाबरलेली आहे, पेन्सिल पडली तेव्हा...

"सर, एक मिनिट," पौर्णिमा म्हणाली. मराठीतच म्हणाली.

मग ती इंग्रजीत बोलू लागली. वाक्यं साधी होती, वर्गात शिकवावीत तशी. पेन्सिल पडली नव्हती. ती फाच्या डाव्या हातात होती. मी काढली आणि उजव्या हातात दिली. माझ्या गावात असंच करतात. मला वाटलं, मी मदत करते आहे. ती रडली, तरी मी लगेच थांबले नाही. दोन अक्षरं पूर्ण केली.

दुभाष्या एकेक वाक्य सांगत गेला. शेवटचं वाक्य ऐकताना फाच्या आईनं डोळे मिटले.

नरेंद्रची चौकट काळी झाली. त्यानं कॅमेरा बंद केला होता. भागिरथाबाईंच्या फोनवर त्याचा संदेश येऊन पडला. त्यांनी फोन पालथा घातला.

मुख्याध्यापिका आणि आई थाई भाषेत बोलत राहिल्या. इकडे कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. पौर्णिमा बाकावर ताठ बसली होती, तोंडी परीक्षेला बसावं तशी. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, खरं सांगितल्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण पालकांचा विश्वास गेला आहे. या शिक्षिकेला आम्ही पुन्हा वर्गात ठेवू शकत नाही. पुढच्या मुलांबद्दल नंतर विचार करू.

पौर्णिमानं मान हलवली.

तेव्हा भागिरथाबाईंनी माईक चालू केला. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं, सावकाश. त्या फाच्या आईकडे बघून म्हणाल्या, "ताई," आणि थांबल्या, कारण हा शब्द तिकडे कुणाला कळणार नव्हता. पण आईनं मान वर केली. मग त्यांनी विचारलं, जाण्याआधी पौर्णिमा फाला भेटू शकेल का? तिचं चुकलं, मुलीचं नाही, हे मुलीला कुणीतरी सांगायला हवं. आणि ज्यानं हात बदलला, त्यानंच सांगितलं तर तिला पटेल.

दुभाष्यानं सांगितलं. आईनं आधी पौर्णिमाकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. मग दोनच वाक्यं बोलली. दुभाष्या म्हणाला, "दहा मिनिटं. मी तिथं बसेन, असं त्या म्हणतात."

पौर्णिमाचा पुढचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"भेटली, मॅडम. मी खालीच बसलो तिच्यासमोर. इतके शब्द शिकून गेलो होतो त्याईच्या भाषेतले, सगळे इसरलो. चुकलं माझं, इतकंच बोलता आलं."

"अन थे?"

"पाहत राह्यली नुसती. मंग एक हात काढला मांडीखालून. डावा. पेन्सिल नाई घेतली, मॅडम. पन हात काढला."

"लय झालं," भागिरथाबाई म्हणाल्या.

"बाबाले कोन सांगन?"

"मी सांगतो."

नरेंद्रनं फोन केला नाही. पुढच्या तयारीच्या वर्गाबद्दल नंतर कळवतो, एवढा संदेश आला. निताच्या आईला काय सांगायचं, हे भागिरथाबाईंना अजून सुचलं नव्हतं. त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि आसेगावची एसटी धरली. असलं काही फोनवर सांगायचं नसतं.

पौर्णिमाच्या बापाची, राजपालची, काळीपिवळी जीप फाट्यावरच उभी होती. आत तीन-चार माणसं बसली होती, आणखी दोघांची वाट पाहणं चाललं होतं. जीपच्या मागे, जमिनीत रोवलेल्या दोन बांबूंवर पौर्णिमाचा फ्लेक्स होता. काळा कोट, बी.एड.चा फोटो, मागे विमान. थायलंडला निवड झाल्याबद्दल समस्त गावकऱ्यांकडून अभिनंदन. उन्हानं विमान पिवळं पडलं होतं.

राजपालनं त्यांना पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमी इकडे? पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. तब्येत चांगली हाय. इकडे ये जरा."

ते निंबाखाली गेले. भागिरथाबाईंनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. राजपाल पायातल्या चपलेकडे पाहत ऐकत होता.

"मारलं तं नाई ना तिनं?"

"नाई."

"मंग हात बदलला म्हून काढलं?"

"हाव."

"आपल्या इथं तं सारेच बदलतेत."

"बदलतेत."

जीपमधून एक म्हातारा ओरडला, "अबे राजपाल, फारेनच्या गोष्टी सांजच्याले करजो. माहा दवाखाना बंद होते."

राजपालनं तिकडे लक्ष दिलं नाही. "खोटं बोलली असती तं राह्यली असती काय तिथं?"

"राह्यली असती बहुतेक."

"तुमी सांगतलं काय खरं बोलाले?"

"नाई, बाप्पा. सांगाची हिंमत मले बी झाली नाई. तिचं तीच बोलली."

राजपालनं खिशातून जीपची किल्ली काढली. मग म्हणाला, "नागपूरले कधी उतरते? जीप घिऊन जातो मी. विमानात जेवाले देतेत ना?"

"देतेत."

तो जीपकडे गेला. भागिरथाबाई बसायला पुढे झाल्या, पण तो आत बसला नाही. वाऱ्यानं फ्लेक्सचा एक कोपरा सुटून फडफडत होता. राजपालनं टपावरच्या कॅरियरमधून सुतळीचा तुकडा काढला, बोनेटवर पाय ठेवून टपावर चढला आणि तो कोपरा बांबूला धरला.

"आता थे कायले बांधून राह्यला?" म्हातारा म्हणाला. "चाल ना."

"बसा, काका," राजपाल म्हणाला, आणि त्यानं दातांनी ओढून गाठ पक्की केली.