शहाजीने फोडलेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना, तोंड फुटलेला वजनकाटा आहे. सांगोल्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्राच्या अडगळीत पडून असतो. माझा जन्मच मारझोडीत झाला. कारखान्यात पत्रा ठोकून माझं डोकं घडवलं, पोटात स्प्रिंग कोंबली आणि खाली लोखंडी आकडा लावला.

पुढे उपकेंद्रात मला छताला टांगलं. आकड्याला कापडी झोळी आणि झोळीत लेकरू. लेकरं किंचाळायची, लाथा झाडायची, माझ्या काचेवर खुळखुळे हाणायची. मला कधी राग आला नाही. लाथ मारायला पोटात अन्न लागतं, हे मला ठाऊक होतं. मला धास्ती वाटायची ती गप्प लटकणाऱ्या लेकराची.

उत्कर्षा तशीच होती. दीड वर्षाची झाली, तरी माझा काटा तिच्यासाठी जेमतेम हलायचा. ती रडत नाही म्हणून घरचे तिला 'गुणाची पोर' म्हणायचे. तिचा बाप शहाजी शेळ्या राखायचा, विकायचा, आणि भारी तापट. त्याला चोरून आजी गोजाबाई तिला माझ्याकडे आणायची.

"आजी, हिला मोठ्या दवाखान्यात ठेवायला पाहिजे. तिथं नीट खाऊ घालूनच बरं करतात," अंकिता सिस्टर परोपरीने सांगायच्या.

"माजं कोण ऐकतंय घरात?" गोजाबाई म्हणायची.

एका बाजाराच्या दिवशी शहाजी घरी परतत होता. काखेत भाव न आलेलं, अजून दूध पिणारं करडू आणि हातात काठी. उपकेंद्रातून आईचा, गोजाबाईचा, आवाज आला म्हणून तो आत डोकावला. समोर त्याची लेक आकड्याला लटकलेली, पाय लोंबत होते. बाजारात खाटकाने टांगलेल्या शेळ्या तो नुकत्याच पाहून आला होता. त्याचं डोकंच फिरलं.

"माजी पोर खाटकावानी टांगलिया व्हय?"

काठी माझ्या तोंडावर बसली. काच फुटली, काटा वाकला, पण मी आकडा सोडला नाही. दुसरा घाव पोरीला वाचवायला मध्ये आलेल्या अंकिता सिस्टरांच्या मनगटावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. गोजाबाईने नातीला पदरात ओढलं आणि लेकाच्या अशी थोबाडीत दिली की तो भिंतीवर आदळला.

"मी आणलं तिला हितं. मला मार की," ती म्हणाली.

त्याने आईवरही काठी उगारली. तेवढ्यात मनगट पोटाशी धरून अंकिता सिस्टर म्हणाल्या, "शहाजीभाऊ, काटा तर मोडलात. आता तुम्हीच तोला. एका हातात करडू घ्या, एका हातात पोर."

नुसतं उचलून जनावराचं वजन सांगण्यात शहाजीचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, आणि त्याचा त्याला मोठा तोरा होता. त्याने काठी टाकून रागारागाने दोघांना उचललं. करडू धरलेला हात खाली गेला. त्याने हात बदलून पाहिले. पुन्हा करडूच जड.

"करडाला रोज दूध पाजतुयास," गोजाबाई म्हणाली. "पोरीच्या वाटीत काय असतंय, ठावं हाय? कोरा च्या."

शहाजीने करडू खाली सोडलं, लेकीला छातीशी धरलं आणि तो ढसाढसा रडला. त्याच दिवशी त्याने लेकीला आणि अंकिता सिस्टरांना एकाच जीपमधून दवाखान्यात नेलं. सिस्टरांचं मनगट अजून दुखतं. त्यांनी त्याला लगेच माफ केलं असं काही नाही.

उत्कर्षा परत आली तेव्हा छताला नवा काटा लागला होता. झोळीत बसवताना तिने बापाच्या तोंडावर अशी लाथ हाणली की त्याचा ओठ फुटला. अडगळीतून मी ऐकलं, रक्त पुसत तो हसून म्हणत होता, "हाण अजून."

मित्रांनो, मला कोणी दुरुस्त केलं नाही, त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्या घरात, शेजारीपाजारी एखादं लेकरू रडत नसेल, लाथ मारत नसेल, तर त्याला गुणाचं म्हणू नका. उचलून बघा. हलकं लागलं, तर तसंच घेऊन दवाखान्याकडे पळा.